वंशवेल: सापडलं तर खरं, आता सांगायचं कुणाला?

मागच्या अंकात जुन्या नोंदी कशा शोधायच्या यावर लिहिलं होतं तर मला वाटलं पत्रं येतील ती अक्षर लागत नाही, आडनावाचं स्पेलिंग बदललंय असली. आली उलटीच. अक्षर लागलं, नोंद सापडली, आणि आता झोप उडालीये अशी. त्यातली पाच घेतेय. पत्रांतले ओळख पटतील असे तपशील काढलेत.

प्रश्न: ताई, मी ३४ वर्षांची आहे. सहा महिन्यांपूर्वी गंमत म्हणून डीएनए टेस्ट केली, आपण कुठून कुठून आलो तो रंगीत नकाशा बघायचा होता बस एवढंच. रिझल्टमध्ये सगळ्यात वर एक अनोळखी बाई आली, १,७४८ सेंटिमॉर्गन (डीएनए किती जुळतो ते मोजायचं माप) जुळतात, साईट म्हणते "सावत्र बहीण किंवा जवळचं नातं". प्रोफाइलवर तिचं वय ५८ आहे. तिचा मेसेजपण आलाय की तिला तान्ही असताना दत्तक दिलं होतं आणि ती जन्मदात्यांना शोधतेय, मला काही माहिती आहे का. माझ्या चुलतभावाने पण ही टेस्ट केलेली, त्याच्याशीही ती जुळते (१,६९० दिसतंय) पण तो साईट उघडतच नाही त्यामुळे त्याला पत्ता नाही. बाबा ६३ चे आहेत. गेले तीन आठवडे मी त्यांच्याशी धड बोलत नाहीये, ते समोर आले की डोकं फिरतं. आईला सांगू का? आजोबा गेले, आजी ८४ ची आहे, आमच्याकडेच असते, तिच्या कानावर हे गेलं तर ती कोलमडेल. काय करू?

उत्तर: आधी बाबांशी बोलायला लाग बाई. अंक खाली ठेव आणि जा, बाकीचं नंतर वाच.

आलीस? आता सांग, ६३ मधून ५८ गेले किती उरले? पाच. पाच वर्षांच्या मुलाला मुलगी होत नाही. तीन आठवडे तू ज्या माणसाकडे पाठ फिरवून बसलीयेस तो ही बाई जन्मली तेव्हा धड बुटाची नाडी बांधू शकत नसेल.

चूक तुझी एकटीची नाही म्हणा, ते लेबलच घोटाळ्याचं असतं. साईटला फक्त आकडा कळतो, नातं कळत नाही. साधारण पाव हिस्सा डीएनए, म्हणजे सरासरी १,७५० च्या आसपास सेंटिमॉर्गन, हा सावत्र भावंडांत जुळतो, आजी-आजोबा आणि नातवंडांत जुळतो, आणि आत्या-काका-मामा-मावशी आणि भाचवंडांतही तेवढाच जुळतो. या तिघांत फरक करायचं काम आकड्याचं नाही, वयाचं आहे आणि बाकीच्या मॅचेसचं आहे. ती तुझ्यापेक्षा २४ वर्षांनी मोठी, म्हणजे आजी असणं शक्य नाही. सावत्र बहीण असायची तर तुझ्या बाबांची किंवा आईची मुलगी हवी, बाबांचा हिशोब वर झाला. आणि आईकडची असती तर तुझ्या चुलतभावाशी तिचं काही जुळलंच नसतं, तुझ्या आईचं आणि त्याचं रक्ताचं नातंच नाही. उलट त्याच्याशी तिचं तुझ्याइतकंच जुळतंय. ती बाबांची मुलगी असती तर त्याची चुलतबहीण झाली असती आणि आकडा साधारण अर्धा, ८७० च्या आसपास आला असता.

मग राहिलं काय? आत्या. आणि तीही सख्खी, कारण आजीची किंवा आजोबांची एकट्याची, म्हणजे सावत्र आत्या असती तरीही आकडा ८७० च्या आसपासच घुटमळला असता. १,७४८ आणि १,६९० म्हणजे तुझ्या आजी-आजोबांची दोघांची मुलगी. तुझ्या बाबांना एक सख्खी धाकटी बहीण आहे आणि ती जिवंत आहे, आणि तिने तुला मेसेज केलाय.

हे वाचून तुला हायसं वाटेल आणि मग दहा मिनिटांनी पोटात गोळा येईल, कारण आता गुपित बाबांचं नाही, ते पलीकडच्या खोलीत झोपलेल्या आजीचं आहे.

आता सांगायचं कुणाला. तू लिहिलंस "आईला सांगू का". नको. आईचा यात नंबर तिसरा. ज्याच्याबद्दलची गोष्ट आहे त्याला ती आधी कळली पाहिजे, आणि इथे ती तिघांची आहे, आजीची, त्या बाईची आणि बाबांची (आणि काकांची, हो). तू फक्त वाटेत सापडलीस, ज्याला पाकीट सापडतं पण पाकीट त्याचं नसतं तसं. म्हणून पहिलं बाबांशी, एकट्यांशी, घरात बाकी कुणी नसताना, आणि फोनवर नाही. त्यांना सरळ सांग की मी टेस्ट केली, अशी अशी मॅच आली, मला आधी भलतंच वाटलं आणि म्हणून मी तुमच्याशी तुटक वागले. हे शेवटचं वाक्य गाळू नकोस, त्यांनाही तीन आठवडे काहीतरी जाणवलं असणारच. कदाचित त्यांना अंधुक काही आठवत असेल, पाच वर्षांच्या पोराला आई पोटुशी होती आणि मग बाळ आलंच नाही एवढं लक्षात राहू शकतं, त्याला काय सांगितलं गेलं असेल ते आपल्याला ठाऊक नाही. खात्री हवी असेल तर बाबा टेस्ट करू शकतात, सख्ख्या भावंडांत सरासरी २,६०० सेंटिमॉर्गन जुळतात त्यामुळे उत्तर लख्ख येईल. पण त्यांना काय शोधायला ही टेस्ट करतोय ते सांगून. "अहो बाबा मजा येते, थुंका यात" असं म्हणून नाही. असं करणारे आहेत, मला तीन पत्रं आलीयेत, तिन्ही घरांत नंतर जे भांडण झालं ते बातमीवरून नाही तर फसवून थुंकायला लावल्यावरून.

आजीकडे जायचं की नाही, कधी, हे बाबा आणि काकांनी ठरवू दे. तिची ती मुलं. तू कोलमडेल म्हणतेस, मला इतकी खात्री नाही. ५८ वर्षं ही बाई हे एकटीने पोटात घेऊन फिरलीये, तिला कुणीतरी विचारावं अशी ती वाटही बघत असेल, किंवा अजिबात नसेल, किंवा तिला मूल गेलं असंच सांगितलेलं असेल. म्हणून कुणीही "तू मुलगी देऊन टाकलीस?" इथून सुरुवात करू नका. दिलं, घेतलं, नेलं, यातलं कुठलं क्रियापद खरं आहे ते फक्त तिलाच माहीत. बाबांनी तिच्याजवळ बसून एवढंच म्हणावं की मला एक बहीण आहे असं कळलंय, तुला बोलायचं असेल तर मी आहे, आणि मग गप्प बसावं. गप्प बसणं अवघड असतं पण तेच करायचंय.

एक माझं सांगते. हे सदर सुरू होण्याच्या बऱ्याच आधी मला आमच्या आजोबांच्या धाकट्या भावाचं एक आधीचं लग्न सापडलं होतं, कुणाला माहीत नसलेलं, नोंद स्वच्छ, सही स्वच्छ, मी हरखून गेले आणि फोटो काढून थेट कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, वर तीन फटाके आणि "बघा कोण सापडलं!!". दोन मिनिटांत त्यांच्या मुलीचा, माझ्या चुलत आत्याचा फोन. ती रागावली नाही. म्हणाली, "मला माहीत होतं गं. आईला वचन दिलं होतं." मग ठेवला फोन. त्यानंतर चार वर्षं ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली आणि मला तेव्हा कळलं की "कुणालाच माहीत नाही" याचा अर्थ बरेचदा "मला कुणी सांगितलेलं नाही" इतकाच असतो.

आणि त्या बाईला आज उत्तर पाठव. सगळं नाही, नावं तर अजिबात नाहीत. "तुमचा मेसेज मिळाला, आपलं जवळचं नातं दिसतंय, घरच्यांशी बोलायला मला थोडा वेळ लागेल, पण मी उत्तर देणार आहे." बास. ती रोज ते पान उघडून बघत असेल.

प्रश्न: कुटुंबाचा इतिहास पुस्तकरूपाने काढतोय. पणजोबा-पणजीच्या लग्नाची तारीख आणि आजोबांच्या जन्माची तारीख यात पाचच महिने निघाले. काकांचं म्हणणं लग्नाची तारीख एक वर्ष मागे घेऊन छापू, कोण बघतंय. माझं मन धजत नाही.

उत्तर: धजू नये. पण आधी तारखा पुन्हा तपासा, दोन वेगवेगळ्या कागदांवर, कारण जुन्या कागदावरची तारीख म्हणजे ज्याने लिहून घेतली त्याला त्या दिवशी जे सांगितलं गेलं ते, त्याहून जास्त काही नाही. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत १५ वर्षांवरच्या लोकांची वयं चक्क पाचच्या पाढ्यात खाली आणून लिहायच्या सूचना होत्या, ३९ चा माणूस ३५ चा. त्याच देशात जन्म ४२ दिवसांत नोंदवायचा असतो, आणि उशीर झाला की बोलणी नकोत म्हणून बाळाची जन्मतारीखच पुढे सरकवून सांगणारे आईबापही होते असं तिथले शोधणारे सांगतात. तेव्हा नऊ महिन्यांचे पाच व्हायला एखादा कारकून पुरतो.

तपासूनही पाचच राहिले तर दोन्ही तारखा जशा आहेत तशा छापा आणि त्याबद्दल एक अक्षर लिहू नका. ज्याला हिशोब करायचाय तो करेल. काकांना सांगा की खोटी तारीख एकदा पुस्तकात गेली की पुढची पिढी ती खरी धरून दहा ठिकाणी उतरवणार, आणि मग कुणालातरी मूळ नोंद सापडणार, आणि तेव्हा गुपित पणजीचं नाही, काकांचं निघणार.

प्रश्न: माझ्या पणजोबांचा मृत्यू १९०८ मध्ये मनोरुग्णालयात झाला हे नव्याने कळलं, रजिस्टरची प्रत मिळवली. त्यात आजार "जनरल पॅरालिसिस ऑफ द इन्सेन" असा लिहिलाय. म्हणजे वेड आणि अर्धांगवायू दोन्ही आपल्या रक्तात आहे. माझी पुतणी गरोदर आहे. मी सगळ्या ४३ नातेवाईकांना सावधगिरीचा मेसेज तयार केलाय, फक्त पाठवायचा बाकी आहे. पाठवण्याआधी तुमचं मत.

उत्तर: थांबा. पाठवू नका. बरं झालं विचारलंत.

ते शब्द दिसतात तसे नाहीत. त्या काळच्या रजिस्टरमध्ये "जनरल पॅरालिसिस" म्हणजे आजच्या भाषेत मेंदूपर्यंत पोचलेला सिफिलिस, गुप्तरोगाची शेवटची पायरी. तेव्हाच्या डॉक्टरांचीही त्यावर बरीच वर्षं वादावादी चालली होती, १९१३ मध्ये नोगुची आणि मूर या दोघांनी अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दाखवले तेव्हा वाद मिटला, आणि १९४० च्या दशकात पेनिसिलिन आल्यावर हा आजार वॉर्डांतून जवळजवळ नाहीसाच झाला. हा संसर्ग आहे, आनुवंशिक नाही. तुमच्या पुतणीच्या बाळाला तुमच्या या पणजोबांकडून यातलं काहीही येणार नाही.

म्हणजे बघा काय होणार होतं. एक, ४३ जणांना विनाकारण घाबरवलं असतंत, त्यात एक गरोदर मुलगी. दोन, त्यातल्या एकाने तरी ते शब्द इंटरनेटवर टाकून बघितले असते आणि मग ग्रुपवर जे झालं असतं ते तुम्ही कल्पना करा. तुम्ही जे गुपित फोडताय ते नेमकं कुठलं आहे हेच तुम्हाला माहीत नव्हतं!

जुन्या रजिस्टरमधले असले शब्द आजच्या अर्थाने वाचायचेच नाहीत. "मेलँकोलिया", "मेनिया" ही तेव्हाची खोकी होती, आजचं कुठलं निदान त्यात बसेल ते फक्त त्या शब्दावरून सांगता येत नाही. कारणाच्या रकान्यात तर दारू, धर्माचं वेड, प्रेमभंग, काहीही सापडतं, भरती करणारा नातेवाईक जे म्हणाला ते.

पण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे ती सोडत नाही. खरोखरचा आनुवंशिक आजार सापडला तर? समजा हंटिंग्टन हा मेंदूचा आजार, ज्यात आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते आणि ज्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. असलं काही हाती लागलं तर लपवायचं नाही, तिथे मी एकदम उलट बोलेन. फक्त आजार सांगायचा, गोष्ट नाही. "आपल्या या शाखेत अमुक आजाराचं डॉक्टरांनी केलेलं निदान कागदावर आहे, तुमच्या डॉक्टरांना एवढं सांगा, अजून माहिती हवी असेल तर मला फोन करा." कोण कुठल्या हॉस्पिटलात कसं मेलं, बायकोने काय भोगलं, ते त्यात येत नाही. आणि ज्याला पुढे काही ऐकायचंच नाही त्याच्या मागे लागायचं नाही. युनेस्कोच्या १९९७ च्या मानवी जनुकांवरच्या जाहीरनाम्यात, जनुकीय तपासणीचा निकाल कळवून घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिलाय. न कळण्याचाही हक्क असतो, आपल्याला तो पटत नसला तरी.

पणजोबांचं जे आहे ते तुमच्या फाईलमध्ये ठेवा. कुणी आपणहून विचारलं तर खरं सांगा. विचारेपर्यंत माणूस आजारी पडून गेला एवढं पुरेसं आहे, तेही खरंच आहे.

प्रश्न: मी ४१ वर्षांचा आहे आणि मला दत्तक घेतलंय हे मला दोन महिन्यांपूर्वी कळलं. कसं, तर एक चुलतभाऊ वंशावळ काढत बसला होता त्याने माझ्या नावापुढे कंसात 'द.' लिहून तो तक्ता सगळ्यांना पाठवला. मी फोन करून विचारलं हे द काय, तर तो म्हणाला अरे तुला माहीत नाही?! सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्यांनासुद्धा. आता मला माझे जन्मदाते शोधायचेत तर आई (मी तिला आईच म्हणणार) रडते, बाकीचे म्हणतात तिला या वयात त्रास देऊ नकोस, काय कमी केलं तुला. मी कृतघ्न आहे का?

उत्तर: नाही.

मी वर तीनदा सांगून आलेय की सापडलेली गोष्ट आपली नसते, जपून, हळू, आधी ज्याची त्याला. तुमच्या बाबतीत हेच सगळं दुसऱ्या टोकाने धरायचंय. ही गोष्ट तुमचीच आहे. ४१ वर्षं ती तुम्ही सोडून सगळ्यांकडे होती. तुमच्या चुलतभावाचा गुन्हा त्याने 'द.' लिहिलं हा नाही, त्याने ती चिठ्ठी तुमच्या आधी चाळीस जणांना दिली हा आहे, आणि खरं तर बाकीच्यांनी ४१ वर्षं तेच केलं, तो फक्त लेखी सापडला.

हे असं कळणारे तुम्ही पहिले नाही. जॅक निकोल्सन, हॉलिवूडचा नट, त्याला १९७४ मध्ये 'टाइम'च्या बातमीदाराकडून कळलं की ज्यांना तो आई समजत होता ती आजी आणि जिला बहीण समजत होता ती आई. ३७ वर्षांचा होता तो, आणि दोघीही तोवर वारल्या होत्या, विचारणार कुणाला. गिटारवादक एरिक क्लॅप्टनचंही तसंच, त्याला मात्र नवव्या वर्षीच कळलं. आणि जस्टिन वेल्बी, चर्च ऑफ इंग्लंडचे तेव्हाचे आर्चबिशप, त्यांना साठाव्या वर्षी, २०१६ मध्ये कळलं की आपले वडील वेगळेच, चर्चिल यांचे खाजगी सचिव अँथनी माँटेग्यू ब्राउन. ते वारलेले, पण त्यांच्या बायकोने त्यांचा केसांचा ब्रश ठेवला होता, त्यातल्या केसांवरून जुळलं. वेल्बींची आई तेव्हा हयात होती, दोघांनीही जे झालं ते आपल्या तोंडाने जाहीर सांगितलं आणि आपण कोण हे जनुकांवरून ठरत नाही असं ते म्हणाले. प्रत्येकाला असं म्हणता येईल असं नाही आणि म्हणायलाच पाहिजे असंही नाही. तुम्हाला राग आला असेल तर येऊ द्या.

कृतघ्नतेचं बोलायचं तर कायदेसुद्धा हळूहळू तुमच्या बाजूला सरकलेत. स्कॉटलंडमध्ये दत्तक गेलेल्या मोठ्या माणसाला आपला मूळ जन्मदाखला १९३० पासून बघता येतो, इंग्लंड-वेल्सला त्यासाठी १९७५ चा कायदा यावा लागला. शुक्राणूदात्याचं नाव गुप्त ठेवणं स्वीडनने १९८५ मध्ये बंद केलं, ब्रिटनने १ एप्रिल २००५ पासून. बालहक्कांच्या १९८९ च्या करारात कलम ७ मध्ये आहे, शक्य तिथवर मुलाला आपले आईबाप कोण हे जाणून घेण्याचा हक्क. आणि ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी मार्च २०१३ मध्ये संसदेत माफी मागितली, ज्या आयांकडून मुलं दबावाने काढून घेतली गेली त्यांची आणि त्या मुलांची. हे मुद्दाम सांगतेय, कारण तुम्हाला घरात कुणीतरी म्हणालंच असेल की तिने तर टाकून दिलं होतं, तिला काय शोधतोस. टाकलं की काढून घेतलं ते कागद बघितल्याशिवाय कुणी बोलू नये.

आईचं मात्र ऐका. शोधू नका म्हणून नाही, ती का रडते ते ऐका. तिला वाटतंय तुम्ही बदली आई शोधताय. तिला परवानगी विचारू नका, विचारलीत तर नाही म्हणायचा भार तिच्यावर पडेल, पण लपूनही करू नका, एका घरात एक लपवाछपवी पुष्कळ झाली. "मी शोधणार आहे, काय सापडेल ते तुला आधी सांगेन, आणि संध्याकाळी घरीच येणार आहे." असं काहीतरी, तुमच्या शब्दांत. तिच्याकडे कागद असतील, संस्थेचं नाव, तारीख, एखादी पावती, ते बहुतेक तीच काढून देईल, एका आठवड्यात नाही, पण देईल.

जन्मदाती सापडलीच तर पहिला निरोप फक्त तिला. तिच्या नवऱ्याला नाही, मुलांना नाही, तिच्या फेसबुकवरच्या फोटोखाली तर नाहीच. तिच्या घरात तुम्ही कदाचित कुणालाच माहीत नसाल. चार ओळी, तुमची जन्मतारीख, मी ठीक आहे, मला काही नको, बोलायचं असेल तर हा नंबर. दारात जाऊन उभं राहायचं नाही. उत्तर येणार नाही किंवा नको म्हणून येईल असंही होतं, तेव्हा सोबत कुणी असू द्या.

आणि त्या चुलतभावाला सांगा तो 'द.' काढून टाक. तक्त्यात तुम्ही मुलगा आहात. दत्तक म्हणून लिहायचं की नाही ते यापुढे तुम्हाला विचारून.

प्रश्न: बहिणीने आमची पूर्ण फॅमिली ट्री एका साईटवर पब्लिक करून टाकलीये, हयात लोकांच्या जन्मतारखांसकट, आणि काकांचा घटस्फोट पण. म्हणते डेटा माझा आहे, मी जमवलाय. मी उगाच घाबरतोय का?

उत्तर: उगाच नाही. जमवला तिने, आहे सगळ्यांचा.

२०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए कंपनीचं काय झालं ते बहिणीला सांगा. चोरांनी दुसरीकडून फुटलेले पासवर्ड वापरून थेट उघडली ती खाती साधारण १४,००० च. पण ती खाती नातेवाईक शोधायच्या सोयीने बाकीच्यांशी जोडलेली, त्यामुळे माहिती गेली सुमारे ६९ लाख लोकांची. म्हणजे पासवर्ड आळशी एकाचा आणि बाहेर पडले शेकडो नातेवाईक. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला 'गोल्डन स्टेट किलर' म्हणून ओळखला जाणारा खुनी पकडला गेला तोही असाच, त्याने स्वतः कुठे थुंकी दिली नव्हती, जीईडीमॅच नावाच्या साईटवर त्याच्या लांबच्या नातेवाईकांचा डीएनए होता, तिथून तपास करणाऱ्यांनी झाड मागे-पुढे काढत त्याला गाठलं. तो पकडला गेला हे उत्तमच झालं, पण एकाने टाकलेल्या माहितीत न विचारलेले किती जण येतात ते त्यातून दिसतं.

साईट्सवर हयात माणसं लपवायची सेटिंग असते, आधी ती चालू करायला लावा. घटस्फोटाची नोंद काढायला सांगा, काका हयात आहेत आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. सरकारंसुद्धा जनगणनेची माणसावार पानं दडवून ठेवतात, अमेरिका ७२ वर्षं, इंग्लंड-वेल्स १०० वर्षं, तिथली १९२१ ची २०२२ मध्ये उघडली. बहिणीला १०० वर्षं थांबायला सांगू नका, पण काकांना एक फोन करायला सांगा. आणि तिच्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्या कुठल्या साईटवर पण तोच आहे का, तेवढं विचारा, असणारच.